जुन्या गिटारीचे पेच

वाद्य म्हातारे होते म्हणजे त्याचे नेमके काय म्हातारे होते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तारा तर नेहमीच बदलल्या जातात. नीट सुकवलेले लाकूड माणसाच्या दोन-तीन पिढ्या सहज पाहते. रंग उडतो, पण रंग उडाल्याने सूर उडत नाही. विद्युत्-गिटारीच्या बाबतीत वार्धक्याचे पहिले लक्षण फार क्षुल्लक जागी प्रकट होते. लाकडात रुतलेला एखादा लहानसा स्क्रू एके दिवशी नुसताच गरगर फिरू लागतो. तो आवळलाही जात नाही आणि धड बाहेरही येत नाही. सुताराच्या भाषेत सांगायचे तर आटे गेलेले असतात.

या वाद्याचे वय अजून पुरते शंभर वर्षांचे नाही. तरीही १९५० च्या दशकातील त्याचे नमुने आज युरोप-अमेरिकेत पुराणवस्तूंच्या मानाने जपले जातात, आणि जुन्या व्हायोलिनांची निगा राखावी तशी त्यांची निगा राखणारे कारागीर तयार झाले आहेत. त्यांच्यापुढील अडचण मात्र व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याच्या अडचणीहून निराळी आहे. व्हायोलिन ही सरसाची सृष्टी आहे, विद्युत्-गिटार ही स्क्रूची. जी वस्तू भाग बदलून वापरता यावी म्हणूनच घडवली गेली, तिचा प्रत्येक मूळ भाग पुढे अनमोल ठरावा, हा तिच्या इतिहासातील मोठा विरोधाभास होय. मराठीत स्क्रूलाही पेच म्हणतात आणि अडचणीलाही. या वाद्याच्या संदर्भात ते दोन्ही अर्थ एकाच भोकात येऊन बसले आहेत.

मूळची गिटार पोकळ. पातळ फळ्या वाकवून, सरसाने सांधून तिचे धड घडवीत, आणि मान त्या धडात खाच-कुसवाने बसवून पक्की चिकटवीत. एखादा सांधा सुटला तर तो उकलण्याचे कामही सरसच सोपे करी. कारण ऊब आणि ओलावा मिळाला की सरस मऊ होतो. मात्र या पोकळ गिटारीचा आवाज नाजूक होता. अमेरिकेतील नृत्यगृहांतून तुताऱ्या आणि ढोल यांच्या गदारोळात तो कुणाला ऐकूच येत नसे. १९३१ साली लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बोशाम्प या वादकाने या दुखण्यावर उपाय शोधला. त्याने तारांभोवती लोहचुंबक आणि खाली तारेचे वेटोळे बसवले. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उत्पन्न होई, आणि ती वर्धकातून मोठी होऊन ध्वनिक्षेपकातून बाहेर पडे. अडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने १९३२ साली हे वाद्य विक्रीस आले. त्याचे धड आणि मान ॲल्युमिनियमच्या एकाच ओतकामातून केलेली होती आणि त्याचा घाट पाहून लोकांनी त्याला ‘तळण्याचा तवा’ हे नाव दिले. धातूचे हे धड रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने प्रसरण पावे आणि तारा उतरत. वाद्याच्या अंगातील धातू आणि त्याचा सूर यांचे भांडण असे पहिल्या दिवसापासूनचे आहे.

हे पहिले वाद्य हवाई बेटांच्या पद्धतीचे होते. ते मांडीवर आडवे ठेवून पोलादी कांडीने वाजवीत. भारतीय श्रोत्यांना याच पद्धतीचा परिचय अधिक. हवाईयन गिटारवादक ताऊ मो आणि त्यांचे कुटुंब १९४० च्या दशकात काही वर्षे कलकत्त्यास राहिले होते. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी मांडीवरच्या गिटारीला हिंदुस्थानी रागसंगीतात स्थान मिळवून दिले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी वाजवलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका मराठी घरांतूनही पुष्कळ ऐकली गेली. पण छातीशी धरून वाजवण्याच्या गिटारीचा, आणि पर्यायाने स्क्रूच्या गिटारीचा इतिहास कॅलिफोर्नियातील फुलर्टन या लहानशा गावी घडला. त्याचा नायक गिटारवादक नव्हता. तो रेडिओ दुरुस्त करणारा होता.

लिओ फेंडर यांचा जन्म १९०९ सालचा. शिक्षणाने आणि व्यवसायाने ते हिशेबनीस होते. जागतिक मंदीच्या काळात नोकरी गेल्यावर १९३८ साली त्यांनी ६०० डॉलर उसने घेऊन फुलर्टनमध्ये रेडिओ-दुरुस्तीचे दुकान काढले. रेडिओबरोबरच गावातल्या वादकांचे वर्धक आणि बिघडलेल्या गिटारी त्यांच्या मेजावर येऊ लागल्या. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. ती सुरात लावण्याचे कामही ते इतरांकडून करून घेत. हे वैगुण्यच त्यांच्या पथ्यावर पडले असे म्हटले पाहिजे. परंपरेने वाद्य कसे असावे हे ठाऊक असलेला मनुष्य ते तसेच घडवतो. दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टी निराळी असते. ही वस्तू कोठे मोडेल, आणि मोडल्यावर ती उघडायची कशी, हेच तो आधी पाहतो.

रेडिओच्या पेटीची पाठ चार स्क्रू काढले की उघडते, जळालेला दिवा काढून नवा बसवता येतो, आणि पेटी पुन्हा बंद होते. फेंडर यांनी हीच रीत गिटारीला लावली. १९५० साली त्यांच्या कारखान्यातून ‘एस्क्वायर’ आणि ‘ब्रॉडकास्टर’ या भरीव लाकडाच्या गिटारी बाहेर पडल्या. दुसऱ्या एका कंपनीच्या ढोलांचे नाव ‘ब्रॉडकास्टर’शी मिळतेजुळते असल्याने १९५१ साली ते बदलून ‘टेलिकास्टर’ ठेवण्यात आले. ॲश लाकडाची भरीव फळी कापून केलेले धड, मेपलच्या एका तुकड्यातून काढलेली मान, आणि त्या दोहोंना जोडणारे चार स्क्रू, इतकी ती रचना साधी होती. धडात एक चौकोनी खाच असे, मान तीत बसे, आणि पाठीमागून पोलादी पट्टीतून चार लांब स्क्रू मानेत शिरत. सरसाचा थेंबही नाही. मानेवरचे पडदे झिजले तर वादकाने जुनी मान काढून टाकावी आणि नवी बसवावी, अशी त्यामागची कल्पना होती.

वाद्ये घडवणाऱ्या जुन्या घराण्यांना हा प्रकार सुतारकामाचा वाटला, आणि तो तसा होताही. मिशिगनमधील कॅलामझू येथील गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल या वादकाच्या नावाने आपली भरीव गिटार काढली, तेव्हा तिची मान जुन्या रीतीने चिकटवलेलीच ठेवली. परंतु फेंडर यांनी वाट सोडली नाही. १९५४ साली त्यांनी ‘स्ट्रॅटोकास्टर’ आणली. तिची किंमत दांड्यासह २४९ डॉलर ५० सेंट होती. हा दांडा दाबला असता सूर हलके उतरे आणि सोडला असता मूळ जागी परत येई. कारखान्याने या यंत्रणेस ‘ट्रेमोलो’ म्हटले. वास्तविक ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणातील कंप. सुराच्या चढउताराला व्हायब्रॅटो हा शब्द आहे. पण चुकीचे नावच रूढ झाले आणि आजही तेच चालते.

या यंत्रणेत स्क्रूचे महत्त्व पुरते कळून येते. गिटारीच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारणतः ४५ ते ५० किलो वजनाइतका असतो. स्ट्रॅटोकास्टरमध्ये तारा ज्या घोडीवर विसावतात, ती घोडी पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर तराजूच्या दांडीसारखी डोलते. एका बाजूने तारा तिला पुढे ओढतात, आणि धडाच्या पोटात पाठीमागून लावलेल्या पाच स्प्रिंगा तिला मागे खेचतात. त्या स्प्रिंगांचे दुसरे टोक एका पंजासारख्या पत्र्यात अडकवलेले असून तो पत्रा धडाच्या लाकडात अवघ्या दोन स्क्रूंनी धरलेला आहे. म्हणजे एवढा सारा समतोल अखेरीस दोन स्क्रूंच्या लाकडातील पकडीवर उभा. पकड केसभर ढिली झाली की सहाही तारा एकदम बेसूर होतात.

फेंडर यांच्या पहिल्या गिटारींतील स्क्रूंच्या डोक्यांवर एकच सरळ खाच असे. काही वर्षांतच तिच्या जागी अधिकाच्या चिन्हासारखी खाच आली. हा दुसरा स्क्रू ओरेगन राज्यातील हेन्री फिलिप्स यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यांची एकस्वे १९३६ सालची. यंत्राच्या पेचकसाने भराभर आवळता यावा म्हणून तो मोटारींच्या कारखान्यांसाठी निघाला होता. गिटारीवर तो दिसू लागणे हे वाद्यनिर्मितीत कारखान्याची पद्धत शिरल्याचे चिन्ह आहे. आज जाणकार मनुष्य टेलिकास्टर हाती घेतो तेव्हा आधी स्क्रूंची डोकी पाहतो, ते याचसाठी.

आता काळाने काय केले ते पाहावे. लाकडी स्क्रूची पकड ही लाकडाच्या तंतूंची पकड असते. स्क्रू आत शिरताना आपल्या आट्यांनी तंतू कापतो आणि स्वतःपुरती मळसूत्री वाट कोरतो. तो काढून पुन्हा घालताना थोडा तिरपा धरला गेला, तर जुन्या वाटेला छेदणारी दुसरी वाट पडते. असे पाच-दहा वेळा झाले की वाट राहत नाही, नुसता भुसा उरतो. त्यातच हवामानाची भर. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. पोलाद यांपैकी काहीच करीत नाही. वादकाच्या हाताचा घाम मुरून स्क्रूला गंज चढतो, आणि तो गंज आजूबाजूच्या लाकडालाही काळे आणि ठिसूळ करतो.

सर्वांत आधी दगा देते ती खांद्याच्या पट्ट्याची घुंडी. धडाच्या बुडाशी आणि वरच्या शिंगाच्या टोकाशी अशा दोन घुंड्या असतात, आणि तीन ते चार किलोंची गिटार उभ्या वादकाच्या अंगावर त्यांच्याच आधाराने लोंबते. या जागी स्क्रू बहुधा लाकडाच्या रेषांच्या टोकाकडून आत शिरतो. तेथे त्याचे आटे तंतूंना आडवे न धरता त्यांच्यामधून घुसतात, म्हणून पकड मुळातच दुबळी. जिमी हेंड्रिक्स हे डावखुरे वादक उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून वाजवीत. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात त्यांनी वाजवलेली पांढरी गिटारही तशीच. गिटार उलटी झाली की वरचे शिंग खाली जाते. म्हणून घुंडीसाठी दुसऱ्या शिंगात नवे भोक पाडावे लागे. एखाद्या वादकाची सारी रीत अशा रीतीने एका भोकात नोंदली जाते.

भोक सैल झाले की सामान्य मनुष्य दोन उपाय करतो. पहिला, आगपेटीची काडी सरसात बुडवून भोकात कोंबणे. हा उपाय अगदीच टाकाऊ नाही. रात्रीचा कार्यक्रम त्याने पार पडतो. पण काडीचे लाकूड मऊ असते आणि काही महिन्यांत तेही चुरते. दुसरा उपाय अधिक घातक. जुना स्क्रू टाकून त्याहून जाड स्क्रू बसवणे. जाड स्क्रूचे डोके पट्टीच्या वाटीत नीट बसत नाही, पातळ कडेच्या लाकडाला तो चीर पाडतो, आणि पुढे तोही सैल झाला की त्याहून जाड स्क्रू लागतो. एका चुकीची पाठराखण करण्यासाठी दुसरी मोठी चूक करीत जाण्याचा हा मार्ग आहे.

जाणता कारागीर स्क्रूला हात लावीत नाही. तो लाकूड दुरुस्त करतो. चुरलेले तंतू गिरमिटाने साफ करून तो भोक गोल आणि स्वच्छ करतो. मग त्याच जातीच्या किंवा त्याहून कठीण लाकडाची गुल्ली कापून ती सरसाने बसवतो. गुल्ली अशी कापलेली असावी लागते की तिच्या रेषा स्क्रूला आडव्या याव्यात; बाजारात मिळणाऱ्या गोल काठीच्या रेषा स्क्रूच्याच दिशेने धावतात, म्हणून तिची पकड कमी. एक दिवस वाळू दिल्यावर गुल्लीत नवे बारीक भोक पाडायचे. ते स्क्रूच्या आट्यांमधील गाभ्याएवढे हवे. लहान असेल तर लाकूड फाटते किंवा स्क्रू तुटतो, मोठे असेल तर आट्यांना धरायला काही उरत नाही. स्क्रूला थोडे मेण लावायचे. साबण लावू नये, कारण साबण ओलावा ओढतो आणि गंजाला आमंत्रण देतो. यंत्र बाजूला ठेवून शेवटचे आवळणे हातानेच करायचे.

आटे शाबूत असलेला स्क्रू परत बसवतानाही एक पथ्य आहे. तो भोकात ठेवून आधी उलट्या दिशेने हलकेच फिरवावा. एका क्षणी तो किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते. याचा अर्थ त्याला आपली जुनी वाट सापडली. तेथून तो सुलटा फिरवावा. एवढे साधे पथ्य पाळले गेले असते, तर जुन्या गिटारींपैकी पुष्कळांची भोके आजही पक्की राहिली असती.

गंजलेल्या स्क्रूशी झटापट करण्यात अर्थ नसतो. डाख देण्याच्या तापल्या कानसाचे टोक त्याच्या डोक्यावर काही वेळ टेकवले की स्क्रू तापून प्रसरण पावतो, निवताना आक्रसतो, आणि गंजाची गाठ सुटते. खाचेत तंतोतंत बसणारा पेचकस घेणे हे अर्धे काम. तरीही स्क्रू आतच तुटला, तर पोकळ पात्याच्या गिरमिटाने त्याच्याभोवतीचे लाकूड गोल कापून तो तुकडा सबंध काढतात आणि ती जागा गुल्लीने भरतात.

लाकडातील स्क्रूप्रमाणेच चाकीने आवळलेल्या भागांचीही कथा आहे. गिटारीला वर्धकाची तार जोडण्याचे सॉकेट एका चाकीने धरलेले असते, आणि तार घालता-काढता ती सैल होते. घाईचा वादक बाहेरून पान्ह्याने ती आवळतो. आत काय होते, ते त्याला दिसत नाही. चाकीबरोबर सॉकेटही आत फिरते, त्याला डाखाने जोडलेल्या बारीक तारा पीळ खातात आणि तुटतात. मग गिटार मुकी होते, आणि मूळ कारखान्यातला अखंड डाखही जातो. योग्य रीत म्हणजे आतला पत्रा उघडून सॉकेट एका हाताने धरायचे, खाली दात असलेला वॉशर घालायचा आणि मगच चाकी आवळायची.

गिब्सनच्या गिटारींची दुखणी थोडी वेगळी. १९५४ साली तेथे टेड मॅकार्टी यांच्या कारकीर्दीत आलेल्या घोडीत प्रत्येक तारेची लांबी स्वतंत्रपणे जुळवता येई. ही घोडी ज्या दोन खांबांवर उभी राही, ते बारीक खांब थेट लाकडात पेरलेले होते. तारांच्या दाबाने ते कालांतराने पुढे झुकत, आणि त्यांच्याबरोबर सूरही झुके. १९७० च्या दशकात लाकडात आधी धातूची नळी ठोकून तिच्यात खांब बसवण्याची रीत आली. त्याच घोडीवरील लहान आधार तार तुटताच उडून हरवत. म्हणून १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्यावरून एक अडसराची तार टाकण्यात आली. कारखानदारही आपल्या वस्तूची दुखणी ओळखून वेळोवेळी उपाय करीत होते, असे यावरून दिसते.

सगळे उपाय फळले असे नाही. नखीचे ओरखडे धडावर पडू नयेत म्हणून स्ट्रॅटोकास्टरवर पातळ तबकडी असते. आरंभी ती आठ स्क्रूंनी धरलेली असे. १९५९ मध्ये तीन थरांची तबकडी आली आणि ती वाकू नये म्हणून स्क्रू अकरा झाले. त्या काळच्या तबकड्यांतील सेल्युलॉइड मात्र वर्षानुवर्षे आक्रसत राहिले. अकरा जागी खिळलेली वस्तू आक्रसू लागली की काय होणार? भोकांच्या कडा तडकल्या आणि कित्येक स्क्रू तिरपे ओढले गेले. इतके घट्ट धरणे हेच येथे नाशाचे कारण झाले.

१९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडर यांनी प्रकृतीच्या कारणास्तव आपली कंपनी सीबीएस या नभोवाणी-उद्योगाला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. नव्या मालकीत उत्पादन वाढले आणि वादकांची कुरकुरही. १९७१ च्या सुमारास स्ट्रॅटोकास्टरच्या मानेचा एक स्क्रू कमी करून ते तीन केले गेले. वास्तविक खाच काटेकोर कापलेली असेल तर तीन स्क्रूही पुरतात. पण पुष्कळ गिटारींची खाच सैल होती, त्यामुळे मान डावी-उजवी सरके आणि तारा कडेवरून घसरत. १९८० च्या दशकाच्या आरंभी चौथा स्क्रू परत आला. तोवर वादक १९६५ पूर्वीच्या गिटारी शोधू लागले होते. काल दुकानात जुन्या म्हणून पडलेल्या वस्तूंना मोल चढले.

मोल चढताच स्क्रूचा अर्थ बदलला. जो केवळ धरून ठेवीत होता, तो आता साक्ष देऊ लागला. गिटारीचा क्रमांक १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मानेमागच्या पोलादी पट्टीवर उमटवीत. पण ती पट्टी चार स्क्रूंनी लावलेली, म्हणजे क्रमांक एका गिटारीवरून दुसरीवर जाऊ शकतो. म्हणून ग्राहक मान उघडून पाहू लागले. कारण मानेच्या खाचेत बसणाऱ्या टोकावर कारखान्यातील कामगार पुष्कळदा पेन्सिलीने महिना आणि साल लिहीत. वय सिद्ध करण्यासाठी स्क्रू काढायचे, आणि प्रत्येक वेळी मेपलमधील आटे थोडे झिजवायचे! अस्सलपणाची परीक्षा घेता घेता अस्सल वस्तूच अशी क्षीण होत गेली.

यातून दोन पक्ष पडले. एक म्हणतो, गिटार हे वाजवण्याचे साधन. सैल भाग बदला आणि वाजवा, तिच्या जनकाचे मतही तेच होते. दुसरा म्हणतो, मूळ गंजका स्क्रूही हलवू नका, तो इतिहास आहे. दोन्ही पक्षांना इतिहासातून पुरावे मिळतात. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० साली नॅशव्हिल येथे जुन्या स्ट्रॅटोकास्टर अल्प किमतीत घेतल्या. तीन गिटारी त्यांनी मित्रांना दिल्या, आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग एकत्र करून आपली ‘ब्लॅकी’ जुळवली. संग्राहकाच्या काट्यावर ती अस्सल ठरत नाही. तरी २००४ साली लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर आले. डेव्हिड गिल्मोर यांच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची मान अनेकदा बदलली गेली. १९८० च्या दशकात निराळ्या बनावटीचा दांडा बसवण्यासाठी तिच्या धडातील लाकूड कोरले गेले, आणि पुढे ती जागा लाकडाने भरून फेंडरच्या पद्धतीची घोडी पुन्हा बसवण्यात आली. २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तिचे ३९,७५,००० डॉलर झाले. बुजवलेली भोके तिच्या मोलाच्या आड आली नाहीत.

आयर्लंडचे रॉरी गॅलघर यांची कथा अधिक बोलकी आहे. १९६१ सालची स्ट्रॅटोकास्टर त्यांनी १९६३ मध्ये कॉर्क येथे १०० पौंडांना घेतली. ती एकदा चोरीस गेली आणि उघड्यावर भिजत पडलेली सापडली. घामाने तिचा बहुतेक रंग गेला आणि खुंट्यांसह कित्येक भाग बदलावे लागले. गॅलघर १९९५ साली निवर्तले. २०२४ मध्ये ती लिलावात ८,८९,४०० पौंडांना घेतली गेली, ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला भेट देण्यासाठी. राष्ट्राने जे जपले, ते एका माणसाच्या हाताखाली झिजलेले लाकूड होते. याच्या उलट १९९५ पासून फेंडर कंपनीने मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटारी विकायला काढल्या. त्यांचा रंग कारखान्यातच खरवडला जातो आणि धातूच्या भागांवर जुनेपणाची कळा चढवली जाते. गंज विकत घेता येतो. तो कशाने चढला, ही हकीकत मात्र विकत मिळत नाही.

या दोन पक्षांमधून जाणारा एक मार्ग आहे, आणि चांगले कारागीर त्याच मार्गाने जातात. ते लाकडात गुल्ली बसवतात, जेणेकरून मूळ स्क्रू मूळ जागी परत धरला जावा. तो अगदीच निकामी असेल तर नवा घालतात आणि जुना पाकिटात घालून गिटारीच्या पेटीत ठेवतात. पुढच्या कारागिराला उकलता येईल असा सरस वापरतात. काय केले ते कागदावर लिहून ठेवतात. नवे भोक पाडण्यापूर्वी ते दहा वेळा विचार करतात. कारण स्क्रू काढता येतो, भोक काढता येत नाही. संग्रहालय आणि रंगमंच या दोघांचीही सोय पाहणारी ही शिस्त आहे.

लिओ फेंडर १९९१ साली वारले. कंपनी विकल्यानंतरही त्यांनी गिटारी घडवण्याचे काम सोडले नाही आणि अखेरपर्यंत ते आपल्या मेजाशी जात राहिले. आपल्या चार स्क्रूंना पुढे लोक भिंगातून पाहतील, अशी अपेक्षा त्यांनी केली नसावी. त्यांच्या दृष्टीने स्क्रू ही वादकाला दिलेली सवलत होती. वस्तू बिघडेल, पण ती तुमच्या गावातल्या साध्या माणसालाही उघडता येईल, अशी ती हमी होती. जुनी गिटार सांभाळताना ही हमी मोडू नये एवढे खरे. जी उघडता येत नाही ती दुरुस्त करता येत नाही, आणि जी दुरुस्त करता येत नाही ती फार दिवस वाजत नाही. सैल झालेल्या भोकात नीट बेतून बसवलेली लाकडाची गुल्ली कुणाला दिसत नाही. पण त्या संध्याकाळी गिटार वादकाच्या खांद्यावर राहते आणि सहाही तारा सुरात बोलतात, ते तिच्यामुळेच.